कुणाचं अहो

"अहोऽऽ, ऐकलासा काय! होडी लागली बगा, टोपली घिऊन या!"

ती हाक अजून माझ्या कानात आहे. सकाळचं कोवळं ऊन, सुरूच्या बनातून येणारा खारा वारा, आणि त्या वाऱ्याला कोपरानं बाजूला सारत आलेला शेवंताताईंचा आवाज. ढोलावर थाप पडावी तसा. हाक होती त्यांच्या बापूसाहेबांना. बापूसाहेब तोंडावर पेपर पांघरून खुर्चीत पडले होते, ते हलले नाहीत. हलले ते आमचे हे. हातातला पाना खाली ठेवला, गाडीमागून बाहेर आले, आमचीच टोपली उचलली आणि वाळूतून झपाझपा शेवंताताईंकडे चालू लागले.

"अवो भावजी, तुमी कशाला? मी आमच्या ह्यांस्नी हाक मारली!"

हे वाटेतच थांबले. एकदा शेवंताताईंकडे बघितलं, एकदा वळून माझ्याकडे. मग म्हणाले, "असू द्या, असू द्या. बांगडा काय, सगळ्यांनाच लागतो."

सगळे हसले. मीही हसले. पण माझ्या हातात चहाचा कप होता, आणि त्याआधी मी गाडीच्या दारातून दोनदा "अहो, चहा" म्हणून हाक मारली होती. अगदी जवळून. माझ्या हाकेला पाना खाली ठेवला गेला नव्हता.

हे म्हणजे आमचे हे. नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. उखाण्यात काय घ्यायचं ते तेवढंच. एरवी "अहो". त्या दोन अक्षरांत मी रागावते, लाडात येते, बाजाराची पिशवी मागते आणि देवाला जायची आठवणही करते. सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि यांना तो सूर दाराआडूनही कळायचा.

हे एस.टी.त ड्रायव्हर होते, महाबळेश्वरच्या घाटात जन्म गेला. आमच्याकडे पौषात पहाटे दवाचा बर्फ होतो. गवतावर पाय ठेवला की काचा तुटल्यासारखा आवाज येतो. रिटायर झाल्यावर यांचे गुडघे त्या थंडीला कुरकुरायला लागले. तेव्हा यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली, आतली बाकं काढून पलंग बसवला, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, मोरी. बाहेरून एस.टी.चा लाल रंग दिला. पुढच्या काचेत पाटी लावली, 'महाबळेश्वर – ऊन'. आणि दर वर्षी दत्तजयंती झाली की आम्ही घाट उतरून मालवणच्या खालच्या अंगाला, समुद्राकाठच्या एका वाडीत सुरूच्या सावलीला येऊन राहायचो, ते होळीपर्यंत. जागा सदू खवणेकरांची. भाडं घ्यायचे, वर शहाळी घेऊन गप्पा मारायला यायचे.

आमच्यासारखीच आणखी दोन बिऱ्हाडं तिथं यायची. एक कागलचे बापूसाहेब आणि शेवंताताई. ते साखर कारखान्यात होते, लांबलचक पांढरी गाडी घेऊन यायचे. दुसऱ्या अमरावतीच्या नलिनीबाई, कॉलेजात शिकवायच्या, आणि त्यांचे मिस्टर अरुणराव. त्यांची जीप आणि जीपमागे ओढायची चाकांवरची खोली. नलिनीबाई नवऱ्याला सरळ "अरुण" म्हणायच्या. पहिल्या वर्षी शेवंताताईंना ते ऐकून ठसका लागला होता.

"तुम्ही दोघीही अहो, अहो करता," नलिनीबाई म्हणायच्या, "वाळूत चार पुरुष असले तर चारही वळून पाहतात बाप्पा. नावं कशासाठी ठेवली मग?"

"आमाला वळून बगायला लागत न्हाई," शेवंताताईंचं उत्तर. "आपलं अहो आपल्या माणसाला बरोबर कळतं. म्हशीला कसं आपलं रेडकू कळतं."

खरंच कळायचं. चार हिवाळे कळलं. पाचव्या हिवाळ्यात गणित बिघडलं.

माझा आवाज बारीक आहे. आई म्हणायची, पाव्यासारखा. आमच्या आळीत जात्यावर बसल्या की पहिली ओवी मलाच धरायला सांगायच्या, कारण माझा सूर वर गेला की बाकीच्यांना मागे येणं सोपं जायचं. यांनी मला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. आमच्या गावाला तेव्हा मुक्कामाची गाडी असायची. रात्री यायची, पाराशी उभी राहायची, पहाटे परत जायची. हे गाडीतच झोपायचे. पहाटे जात्यावरचा आवाज कानावर पडायचा. पुढं कंडक्टरनं माझ्या वडिलांकडे शब्द टाकला, तेव्हा वडिलांनी विचारलं, "मुलगी पाहिलीय का पाव्हण्यांनी?" कंडक्टर म्हणाला, "पाहिली नाही, पण दोन महिने मुक्काम बदलून मागतोय ह्याच गावचा." लग्नानंतर मी त्यावर ओवी केली होती, यांना चिडवायला:

*पहाटेची गाडी, उभी वडाच्या पाराला,*
*कोण जागं गं गाडीत, कसं कळावं वाऱ्याला.*

हे चिडायचे नाहीत. डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "परत."

गाडी मागे घ्यायची असली तरी माझाच आवाज लागायचा. मी मागे उभी राहायची आणि "येऊ द्या... येऊ द्या... बस!" म्हणायची. कुणी मदतीला आलं तर हे हात जोडायचे. "आरसा खोटं बोलतो," म्हणायचे, "ही नाही."

त्या वर्षी मात्र आल्या दिवशी मी मागे जायच्या आतच यांनी बापूसाहेबांना हाक मारली. "बापू, जरा उभे राहा हो मागे." मला तेव्हा काही वाटलं नाही. प्रवासानं दमलेय म्हणून मला सोडलं असेल, असंच वाटलं.

बांगड्याच्या त्या सकाळनंतर मात्र मी लक्ष ठेवू लागले. लक्ष ठेवायला लागलं की दिसतंच. शेवंताताई "अहो" म्हणाल्या की हे वळायचे. सुरूत लाकडं गोळा करत असोत, सदूभाऊंशी बोलत असोत, ओंडका टाकून वळायचे. मी हाक मारली की नाही. दोनदा, तीनदा मारली तरी नाही. समोर जाऊन उभी राहिले की "अगं, काय?" म्हणायचे, आणि हसायचे. ते हसणंही मला वेगळं वाटायला लागलं. काहीतरी झाकून ठेवलेलं.

बोलण्यातही लक्ष नसायचं. एक दिवस सगळे आमच्याकडे जेवायला असताना मी शेगडीशी पाठमोरी उभी राहून विचारलं, "आमटीला मीठ कमी आहे का हो?"

"भरलं कालच," हे म्हणाले. "तीस लिटर."

शेवंताताई हसून हसून लोळल्या. "कौसल्या, तुजी आमटी डिझेलवर चालती गं!" यांनाही हसू आलं, पण आधी यांनी सगळ्यांची तोंडं न्याहाळली होती, मग हसले होते. ते मी पाहिलं. मनात म्हटलं, माझ्या आमटीवर हसायला यांना शेवंताताईंची परवानगी लागते.

आता हसू येतं. पण बाईचं मन साठीलाही सोळाचंच असतं, आणि माझ्याजवळ दुसरं होतं काय? शेवंताताई गोऱ्यापान, भरल्या अंगाच्या, बोलल्या की चार माणसं ऐकत बसावीत अशा. मी चिपाडासारखी. माझ्याजवळ एक आवाजच काय तो होता, आणि ज्या माणसानं तो निवडून घेतला त्यालाच आता नकोसा झालेला.

म्हणून मी ओव्या म्हणायचं सोडलं. रोज सकाळी भाकरीचं पीठ मळताना परातीवर वाकून मी गुणगुणायची. हे दारातल्या पायरीवर बसून दाढी करायचे. मी ठरवलं, बंद. बघू या, किती दिवसांनी विचारतात. पहिल्या दिवशी यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशीही पाहिलं. विचारलं नाही. आठवडा गेला, विचारलं नाही. परातीत पिठावर टपकन पाणी पडलं, तेव्हाही आरसा माझ्याकडे वळलेला होता. तरी विचारलं नाही.

नलिनीबाईंना एकटं गाठून मी सांगितलं, "हा माझा शेवटचा हिवाळा. संक्रांत झाली की मी मालवणहून गाडी पकडून कराडला लेकीकडे जाणार. बस यांची, समुद्र यांचा. मला पुढच्या वर्षी मोजू नका."

"काहून? भांडण झालं काय?"

"भांडण झालं असतं तर गेले असते का?"

 विषय बदलावा म्हणून की काय, त्या समुद्राकडे हात करून म्हणाल्या, "कॉलेजात मुलांना समुद्राची नावं पाठ करायला लावायची मी. सागर, सिंधू, अर्णव, उदधी, जलधी... आणखी एक होतं बघा. तोंडावर आहे."

मागून शेवंताताई आल्याच होत्या. "त्ये कौसल्येला ठावं हाय. पर ती सांगायची न्हाई. त्ये उद्या हळदीकुंकवाला उखाण्यात ऐकायचं!" आणि त्यांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी वाळूत दोन पावलं पुढं गेले.

हळदीकुंकू शेवंताताईंच्या गाडीपुढं होतं. वाळूवर त्यांनी शिंपल्यांची रांगोळी काढली होती. काळ्या साड्या नेसलो, एकमेकींच्या कपाळाला कुंकू लावलं, तिळाच्या वड्या वाटल्या. वाडीतल्याही चारदोन बायका आल्या होत्या. खवणेकरांच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना अबोलीचे वळेसार, म्हणजे गजरे, आणले होते. पुरुष मंडळी पलीकडे खुर्च्या टाकून बसलेली, वड्यांवर डोळा ठेवून.

"नाव घ्या, नाव घ्या!" सुरू झालं. शेवंताताईंनी पदर खोचला, जणू कुस्तीला उभ्या राहिल्या:

*तांबड्या रश्श्यावर तरंगते तुपाची साय,*
*बापूसाहेबांचं नाव घेते, जेवायला घालू काय?*

"घाल, घाल!" बापूसाहेब खुर्चीतून ओरडले. टाळ्या. नलिनीबाईंनी हात झटकले. "मी रोज घेते ते काय कमी आहे? अरुण, अरुण, अरुण! झालं?" पुन्हा टाळ्या, हशा.

"आता कौसल्या! आवाज बगा आता, सगळे गप ऱ्हावा!"

सगळे गप्प झाले. लाटा तेवढ्या येऊन जात होत्या. माझ्याजवळ उखाणा तयार होता, दोन दिवस भाकरी थापताना मनात जुळवलेला. मी मान वर केली. हे माझ्याकडेच बघत होते. टक लावून, माझ्या तोंडाकडे. एवढं रोखून तर लग्नातही बघितलं नव्हतं. आणि मला एकदम सगळं आठवलं. गार झालेला चहा, न ठेवलेला पाना, ओव्यांचा न विचारलेला आठवडा.

"मी नाव घेत नाही," मी म्हटलं. "ज्यांना माझी हाक नको, त्यांचं नाव मी कशाला घेऊ?"

कुणी हललं नाही. शेवंताताईंचा हात कुंकवाच्या करंड्यातच राहिला. आणि त्या शांततेत टाळ्या वाजायला लागल्या.

हे वाजवत होते. एकटे. चेहरा फुललेला, डोळ्यांत पाणी यावं तसे चमकणारे. "वा!" म्हणाले. "वा, वा!"

बापूसाहेबांनी यांचा हात धरून खाली केला. मी तिथून उठले. जाताना मागे कुणीतरी विषय सावरल्यासारखं हसत होतं, आणि खवणेकरांच्या मालकीणबाई हळू म्हणत होत्या, "काय झाला गो?" मी आमच्या बसमध्ये जाऊन पिशवी भरायला घेतली. हे आले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. यांनी माझ्या अंगावर चादर घातली.  

सकाळी सदूभाऊ आले. "वैनीनू, आज उधाण आसा. पाणी सुरूपर्यंत येतला. गाडी वायच मागे घेवा."

माझी पिशवी दारात होती. मालवणला जायची साडेनऊची गाडी नाक्यावरून पकडायची, सदूभाऊ मोटारसायकलवर सोडणार, हे ठरलेलं. यांनी पिशवीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.  मग हातातली किल्ली हलवत आजूबाजूला बापूसाहेबांना शोधू लागले. बापूसाहेब आंघोळीला गेले होते. पाणी तर वाळूवरून पुढं सरकताना दिसत होतं.

"मी उभी राहते," मी यांच्यासमोर जाऊन म्हटलं. "शेवटचं."

यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं. मग गाडीत चढले.

मी मागे गेले. आमच्या मागे दहा-बारा हातांवर शेवंताताईंची चूल, तिच्यावर सगळ्यांसाठी ठेवलेला पोह्यांचा टोप, शेजारी बापूसाहेबांची लाडकी वेताची खुर्ची. इंजिन सुरू झालं. मी हात उंचावला.

"येऊ द्या... येऊ द्या..."

गाडी छान सरळ येत होती. राग होता, पण अजून मला वाटत होतं, आम्ही दोघं मिळून गाडी किती सुंदर मागे घेतो.

"येऊ द्या... बस!"

गाडी आली.

"बस! अहो, बस! अहोऽ थांबा!"

गाडी येतच राहिली. सावकाश, निवांत, भरवशानं. मी बाजूला झाले, सूर जेवढा वर जाईल तेवढा वर नेला, तरी येत राहिली. खुर्ची कडाकडा मोडली. तेव्हा मी दोन्ही हातांनी पत्र्यावर धाडधाड बुक्के मारले. गाडी जागच्या जागी थांबली. पोह्यांचा टोप बंपरला टेकून उभा राहिला, नुसता टेकून.

हे खाली उतरले. चेहरा पांढराफटक. तीस वर्षांच्या नोकरीत यांच्या गाडीला कुठं ओरखडा नव्हता. खुर्चीच्या चिपाट्यांकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "तू बस म्हणाली नाहीस."

"म्हणाले नाही? घसा फोडून म्हणाले! दहा वेळा!"

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. नुसते बघत होते.

शेवंताताई यांच्या मागून धावत आल्या. "भावजी, सगळ्या वाडीनं ऐकलं की वो! तुमच्या कानात काय बोळा हाय काय?"

आणि हे वळले. पाठीमागच्या त्या आवाजाला लगेच वळले. म्हणाले, "नाही हो वैनी, बोळा कशाला असेल?"

माझ्या आत काहीतरी जागेवर आलं. रांगोळीत हरवलेला ठिपका सापडावा तसं. हे शेवंताताईंकडे तोंड करून उभे होते, माझ्याकडे पाठ. मी दोन पावलं पुढं गेले. यांच्या सदऱ्याला हात लागेल इतकी जवळ. आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो."

काही नाही.

"अहो, मी इथं आहे."

यांचा एक केससुद्धा हलला नाही. शेवंताताईंनी माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. नलिनीबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनाही कळलं. मग मी यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे दचकून वळले.

आम्ही गाडीच्या पायरीवर बसलो. बाकीचे उगाच पोहे ढवळत राहिले. मी यांच्यासमोर तोंड करून, सावकाश, ओठ नीट हलवत विचारलं, "ऐकू येत नाही?"

"येतं," हे म्हणाले. "इंजिन येतं. लाट येते. बापू घोरतो ते येतं. शेवंतावैनी तर पलीकडच्या बंदरालाही येत असतील."  किल्ली या हातातून त्या हातात. "बारीक आवाज गेलेत सगळे. आपल्याकडची पाखरं आधी गेली, मला वाटलं, थंडीनं कमी झाली असतील. मग दिवाळीत तू पणत्या लावताना काहीतरी म्हणत होतीस, तुझे ओठ हलत होते... आणि काहीच नाही."

"आणि मग शेवंताताईंच्या हाकेला धावायचात ते?"

"अहो ऐकू आलं की उठायचो. कुणाचं अहो ते कळायचं नाही गं. म्हटलं, त्यातलं एखादं तरी तुझं असेल. ते चुकायला नको."

शेवंताताईंच्या हातातला झारा थांबला.

"मी ओव्या सोडल्या. तुम्ही विचारलंही नाही."

"आरशातून बघायचो ना रोज. तुझे ओठ हलायचे तेवढं मला पुरायचं. कुठली ओवी ते ओळखायचो. मग तेही थांबले." हे वाळूकडे बघत बोलत होते. "विचारलं असतं तर तू म्हणून दाखवली असतीस. मग मी काय केलं असतं?"

"टाळ्या वाजवल्या असत्या," मी म्हटलं. माझं मलाच हसू आलं आणि रडूही. "काल वाजवल्यात तशा. मी काल नाव घेतलं नाही. म्हटलं, घेत नाही."

यांचा चेहरा असा झाला की मला पुन्हा हसू आलं. "घेतलं नाहीस? सगळे गप्प झाले, तू मान वर केलीस, ओठ हलले... मला वाटलं, घेतलंस. मी म्हटलं, ऐकू आलं नाही तर नाही, टाळी तरी आपली पहिली पाहिजे."

"अहो, मला सांगायचं होतं ना!"

"काय सांगू? ज्या आवाजापायी मी तुमच्या गावचा मुक्काम मागून घ्यायचो, नेमका तोच माझ्या कानातून गेला, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

बापूसाहेब पंचा गुंडाळून आले होते. यांनी उठून किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "बापू, गाडी तुम्ही लावा नीट. खुर्ची भरून देतो."

"खुर्चीचं मरू द्या," बापूसाहेब म्हणाले. "त्या खुर्चीत ढेकूण झालं हुतं." आणि त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली, कुणी काचेची वस्तू सांभाळायला दिल्यासारखी.

कुडाळचे कानाचे डॉक्टर, मग कानामागचं ते छोटं यंत्र, मग ते लावून पहिल्यांदा बुलबुल ऐकला तेव्हा हे सुरूखाली किती वेळ तोंड वर करून उभे होते, आणि बापूसाहेबांकडून किल्ली परत कशी घेतली, हे सगळं पुढचं. त्या सकाळी यंत्र नव्हतं. साडेनऊची गाडी नाक्यावरून निघून गेली होती आणि माझी पिशवी दारातच होती.

शेवंताताईंनी झारा टोपात ठेवला आणि माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "ऊठ. कालचं ऱ्हायलंय न्हवं? घे नाव."

"यांना ऐकू येणार नाही."

"तुज्या त्या पाव्याचं न्हाई येणार. पोटातनं काढ आवाज. म्हस चुकल्यावर माळाला उभं ऱ्हाऊन हाक मारावी तसा. हितनं!" आणि माझ्या पोटावर थाप मारली.

मी उभी राहिले. आयुष्यात कधी आवाज खाली नेला नव्हता. नेहमी वर, आणखी वर. पहिल्यांदा काढला तो फाटक्या भोंग्यासारखा आला. बापूसाहेब हसले, अरुणराव हसले, सदूभाऊ तर म्हणाले, "वैनीनू, बोट इली काय?" मी पुन्हा श्वास घेतला. हे पायरीवरून माझ्या तोंडाकडे बघायला लागले, तसा मी त्यांचा चेहरा समुद्राकडे वळवला. ओठ बघायचे नाहीत. आणि यांच्या मागे उभं राहून, पोटातून, शेवंताताईंच्या आवाजात म्हटलं:

*वाळूवरती वाण मांडलं, शिंपल्यांचा साज,*
*काल राहून गेलं नाव, मोठ्यानं घेते आज —*

यांचे खांदे हलले. वळले नाहीत. समुद्राकडेच बघत, अगदी हळू, जात्यावरची ओवी पुन्हा मागावी तसे म्हणाले, "कुणाचं?"

पाणी सुरूच्या मुळांपर्यंत आलं होतं. मी त्यापेक्षा मोठ्यानं म्हटलं,

"रत्नाकर."